आता तू मला ने

आमच्या विभागातल्या शिपायाला सगळे वाटाड्या म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं. कौतुकाने नव्हे, चिडून. ऐन प्रवेशाचे दिवस, खिडकीसमोर मारुतीच्या शेपटासारखी रांग, आतून कोणी फाईल मागतंय, बाहेरून कोणी शिक्का मागतंय, आणि हा गृहस्थ जागेवर नाही. कुठे गेला? तर बसस्टँडवर. कशाला? तर डोंगरातली पोरं यायची आहेत, त्यांना आणायला. "हा शिपाई आहे की वाटाड्या?" असं मी भर ऑफिसात म्हणाले. सगळे हसले, तोही हसला, आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

माझ्याबद्दलही सांगून टाकते. विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस खिडकी नंबर चारवर. प्रवेश, प्रवेश रद्द, दाखले, रजा, नावातल्या चुका, सगळं माझ्याकडे. मला फटकळ म्हणत, ते कमीच म्हणत. मुलं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगू का, मला त्याचा थोडा अभिमानच होता. माझ्या खिडकीवर काम तुंबत नसे. तीन मिनिटांत माणूस मोकळा. बाकीच्या खिडक्यांवर लोक चहाला उठत, मी डबासुद्धा खुर्चीत बसून खायची. त्या तीन मिनिटांनी पुढे मला मान खाली घालायला लावली.

पण आधी वाटाड्या. बुटका, काटक माणूस, इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चालताना पाय वाजत नसत. टेबलावर फाईल दिसली की समजायचं, हा येऊन गेला. माझ्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून मी त्याला 'तुम्ही' म्हणायची, पण ते 'तुम्ही' नुसतं तोंडातलं. तो डोंगराकडच्या आदिवासी वस्त्यांतला. तिकडची दहा-पंधरा मुलं दरवर्षी बारावी होऊन आमच्याकडे यायची, आणि पहिल्या सहामाहीतच निम्मी परत जायची. त्यांना सांभाळायचं काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने ते आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्याची एक पद्धत होती. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी तो त्याला फाटकापासून वसतिगृहापर्यंत, तिथून मेसपर्यंत, तिथून ग्रंथालय, तिथून वर्ग, असं एकदा फिरवून आणायचा. पुढे हा, मागे मुलगा. सगळं दाखवून झालं की पुन्हा फाटकाशी यायचा आणि म्हणायचा, "आता तू मला ने." मग मुलगा पुढे आणि हा मागे, हात पाठीवर बांधून, तोंडाला कुलूप. मुलगा चुकला तर हाही त्याच्या मागोमाग चुकायचा. एकदा मी खिडकीतून बघितलं. एका पोराने त्याला ग्रंथालयाऐवजी मागच्या शेडमध्ये नेलं, जिथे मोडकी बाकं टाकलेली असतात. दोघं तिथे उभे. बाकांकडे बघतायत. हा एक अक्षर बोलला नाही. पोरगं मागे वळलं, हाही वळला. तिसऱ्या खेपेला ग्रंथालय सापडलं, तेव्हा ह्याने फक्त मान हलवली. हे मी चहाच्या वेळी सगळ्यांना साभिनय करून दाखवलं होतं. हसून हसून पोट दुखलं आमचं.

अर्ज भरायलाही तसंच. एक अर्ज स्वतः भरून दाखवायचा, तो फाडून टाकायचा, आणि कोरा पुढे करायचा, "आता तू मला भरून दे." संध्याकाळी वर्ग रिकामे झाले की हा प्राध्यापकांच्या खुर्चीवर बसायचा आणि मुलांना हात वर करून प्रश्न विचारायला लावायचा. काहीही विचारा, म्हणायचा, मला येत नाही ते विचारा. त्यावरून तक्रार आली होती, शिपाई खुर्चीवर बसतो म्हणून. मीच त्याला झापलं. "खुर्ची पुसायला ठेवलंय तुम्हाला, बसायला नाही," असं म्हणाले होते मी. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग वरून फर्मान आलं. आदिवासी मुलं पहिल्याच वर्षी गळतात, त्यांच्यासाठी काहीतरी करा. आमच्या साहेबांनी, म्हणजे कुलसचिवांनी, कक्ष काढला. नाव ठेवलं 'नवागत सहाय्य कक्ष', आणि प्रमुख म्हणून खिडकी सांभाळून मी. मला एक खोली मिळाली, नवा रंग दिलेली. दोन सोफे, एक कुंडी, भिंतीवर हसऱ्या मुलांची चित्रं. मी अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका काढली. दोन तासांचं माहितीसत्र घेतलं, पडद्यावर चित्रं दाखवून. शेवटी विचारलं, "समजलं का?" सगळ्या आदिवासी भागांतून आलेली एक्केचाळीस मुलं एका सुरात म्हणाली, "हो." मग प्रत्येकाकडून एका कागदावर सही घेतली, 'मला सर्व माहिती समजली आहे.' एक्केचाळीस सह्या. मी तो कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावला होता, काय सांगायचं तुम्हाला.

वाटाड्या पाण्याचे ग्लास गोळा करत होता. जाता जाता हळूच म्हणाला, "मॅडम, 'समजलं का' असं विचारू नका त्यांना. उपयोग नाही."

"मग काय, नाचून दाखवू?" मी म्हणाले.

तो ग्लास घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर मी त्या मुलांचं नाव ठेवलं, होयबा मंडळी. नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरला नसता.

कक्ष निघाल्यावर मी वाटाड्याचं फिरवणं बंद करून टाकलं. आता रीतसर व्यवस्था आहे म्हटलं, तुम्ही तुमची फाईल बघा. तो "बरं" म्हणाला. तरी तो सुट्टीच्या दिवशी यायचा आणि मुलांच्या मागे मागे चालताना दिसायचा. सुट्टीच्या दिवशी मी कोण अडवणार.

ती मुलगी तिसऱ्या आठवड्यात माझ्या खिडकीवर आली. एक्केचाळिसांतलीच. बारीक, दोन वेण्या, बॅग पोटाशी धरलेली. रांग मोठी होती, डब्याची वेळ टळून गेली होती आणि माझं डोकं तापलेलं होतं. त्याच आठवड्यात डोंगराकडची दोन मुलं प्रवेश रद्द करून गेली होती. साहेबांनी त्यावरून मला दोन शब्द ऐकवले होते. ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "घरी जायचंय."

मी म्हटलं, "तूही?"

मी खालच्या खणातून गुलाबी अर्ज काढला. आमच्याकडे पांढरा अर्ज रजेचा आणि गुलाबी प्रवेश रद्दचा. मी तिला विचारलं नाही, किती दिवस? विचारलं नाही, कशासाठी? शितावरून भाताची परीक्षा केली मी. दोन गेले, ही तिसरी. अर्ज तिच्यापुढे सरकवला आणि धडाधड सांगितलं, की इथे सही कर, इथे तारीख घाल, मूळ दाखले परत मिळतील, ते घेऊन जा, पुन्हा तक्रार चालणार नाही. "समजलं का?"

"हो," ती म्हणाली.

तिने सही केली. नीट, सावकाश, शाळेत काढतात तशा अक्षरात. मी शिक्का मारला, दाखल्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नवव्या दिवशी ती परत आली. तिची आई उतारावरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, घरात दोन लहान भावंडं. आठ दिवस राहून, मावशीला घरी आणून ठेवून, ती परत आली. तिला वाटलं होतं, घरी जाताना कागद बरोबर द्यायची इथली रीत असेल. वसतिगृहात गेली तर तिच्या खाटेवर दुसरीच मुलगी. तिची बादली, गादीची वळकटी आणि पत्र्याची पेटी रेक्टरबाईंच्या दाराबाहेर बोळात. ती त्या पेटीवर बसून राहिली. कोणाला काही विचारलं नाही. दुपारी वाटाड्याला दिसली, म्हणून तो तिला घेऊन माझ्याकडे आला.

त्याने गुलाबी अर्ज बघायला मागितला. मी काढून दिला. त्याने तो वाचला, मग तिच्याशी त्यांच्या बोलीत दोन वाक्यं बोलला, तिने एक वाक्य उत्तर दिलं. तो मला म्हणाला, "मॅडम, हिला रजा पाहिजे होती."

हे मी लपवणार नाही. त्याच क्षणी मला कळलं होतं की चूक माझी आहे. त्यानंतर मी जे केलं ते न कळून केलेलं नाही.

तो गुरुवार होता. प्रतीक्षा यादी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बंद व्हायची होती. तिची वर्गातली जागा अजून कोणाला दिलेली नव्हती. खिडकीवरच्या माणसाने लिहून दिलं की अर्ज चुकीचा दिला गेला, तर साहेब एका सहीत प्रवेश पूर्ववत करू शकत होते. असं पूर्वी झालं होतं. पण सोमवारी कक्ष बघायला बाहेरून समिती येणार होती. माझी बढती त्यावर होती. पंचवीस वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नव्हता. मी वाटाड्याला म्हणाले, "साहेबांना विचारा. माझ्या हातात काय आहे?"

तो खरंच साहेबांकडे गेला. शुक्रवारी सकाळी साहेबांनी मला बोलावून घेतलं. मी आत गेले तर तो आणि ती मुलगी टेबलाच्या एका बाजूला उभे. साहेबांपुढे तो गुलाबी कागद.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणाले, "सर, मी तिला सगळं समजावून सांगितलं. समजलं का, असंही विचारलं. ती हो म्हणाली आणि मग तिने सही केली."

यातला एकही शब्द खोटा नाही. परत वाचून बघा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे शिकले होते, खोटं न बोलता कसं बोलायचं ते.

साहेब मुलीकडे वळले. तसे सभ्य माणूस ते, आवाज चढवला नाही. "बेटा, मॅडमनी तुला समजावून सांगितलं होतं का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"हो," ती म्हणाली.

साहेबांनी हात पसरले. संपलं.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीजवळ वाटाड्याने मला थांबवलं. मुलगी दूर पायऱ्यांवर बसली होती. मला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी दुप्पट ओरडले असते आणि प्रकरण भांडणावर गेलं असतं. भांडणात मी हरत नाही. पण तो नेहमीच्याच आवाजात बोलला.

"मॅडम, आमच्याकडे थोरल्या माणसाने काही सांगितलं आणि धाकट्याने 'समजलं नाही' म्हटलं, तर त्याचा अर्थ होतो, थोरल्याला सांगता आलं नाही. चारचौघांत असा कोणाचा अपमान करत नाहीत. हो म्हणायचं, आणि मग हाताने करून बघत बघत शिकायचं. म्हणून मी विचारत नाही. करून दाखवायला लावतो."

"हे तुम्ही मला आधी सांगायचं होतं," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

त्याने सांगितलं होतं, आणि मी नाचून दाखवू का म्हणाले होते, हे दोघांनाही आठवत होतं.

मग तो म्हणाला, "आता आत ती हो म्हणाली ना, ते तिने तुमच्यासाठी म्हटलं. साहेबांसमोर तुमची मान खाली जायला नको म्हणून."

पाण्याचा नळ ठिबकत होता, तो मी उगाच घट्ट केला.

"मीसुद्धा म्हणालो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"हो. इथेच, तुमच्याच खिडकीवर. तेव्हा काच नव्हती, जाळी होती. मला प्रवेश मिळाला होता, मॅडम. आमच्या वस्तीतला मी पहिला. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, वर्ग कुठे, कसा, कधी. मी हो म्हणालो. अकरा दिवस मी दुसऱ्याच वर्गात बसत होतो. दुसऱ्या वर्षाच्या. मला वाटायचं, आपलंच डोकं कमी. बाराव्या दिवशी नाही गेलो. घरी जायची लाज वाटली. सगळी वस्ती मला सोडायला नदीपर्यंत आली होती. मग इथल्या माळ्याने हातात पाण्याचा पाइप दिला. पुढे शिपाई झालो." तो थोडा हसला. "घरी अजून सांगतात, आमचा माणूस विद्यापीठात आहे. खोटं नाही ते."

मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पाच वाजेपर्यंत वेळ आहे, मॅडम. चार ओळी पुरतील."

मी जागेवर आले. कोरा कागद घेतला. 'महोदय' लिहिलं. खाली रेघ मारली. मग खिडकीवर कोणीतरी आलं, कागद खणात टाकला, मग फोन आला, मग समितीसाठी खुर्च्या मोजायच्या होत्या. आता मी तुम्हाला सांगू शकते की कामात राहून गेलं. तेही खोटं न बोलता बोलणंच झालं असतं. मी तीन वेळा तो खण उघडला आणि तीन वेळा लावला. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग येत होता, की एका शिपायाने मला माझं काम शिकवावं. पाच वाजून पाच मिनिटांनी मी कॉम्प्युटर बंद केला, पर्स उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. पुढच्या पायऱ्यांवर ते दोघं बसलेले असणार, हे मला माहीत होतं.

माझी मुलगी त्या शनिवार-रविवारी घरी आली होती. ती बाहेरगावी शिकते. तिच्या प्रवेशाच्या वेळी मी चार दिवस तिच्या वसतिगृहाजवळ लॉज घेऊन राहिले होते. उशी, पडदा, कपडे वाळत घालायची दोरी, सगळं मी लावून दिलं होतं आणि तिथल्या खिडकीवरच्या माणसाशी दोनदा भांडलेही होते. जेवताना मी तिला आणि नवऱ्याला हा प्रसंग सांगितला, जरा वळण देऊन, म्हणजे मुलगीच कशी वेंधळी होती असा. नवरा म्हणाला, "जाऊ दे, तुझी काय चूक." मुलगी जेवता जेवता थांबली. म्हणाली, "आई, माझ्याबाबतीत कोणी असं केलं असतं ना, तर तू त्या बाईला कच्ची खाल्ली असतीस." आणि पुन्हा जेवायला लागली.

समिती आली, खूश होऊन गेली. भिंतीवरच्या एक्केचाळीस सह्यांचा त्यांनी फोटो काढला. मला बढती मिळाली, पण कक्ष माझ्याकडेच राहिला आणि प्रवेशाच्या दिवसांत खिडकीही. अहवालात लिहिलं होतं, 'एकही तक्रार नाही'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली होती.

वाटाड्याचं वागणं बदललं नाही. तोच इस्त्रीचा शर्ट, तसंच पाणी आणून ठेवणं. फक्त तो मला काही सुचवेनासा झाला. पूर्वी जाता-येता एखादं वाक्य टाकायचा, मॅडम, हा पोरगा उपाशी बसतो, मॅडम, ह्याला चष्मा लागला आहे. आता फाईल ठेवायचा आणि जायचा. मी स्वतःहून विचारलं तर म्हणायचा, "ठीक आहे, मॅडम." त्या मुलांचं 'हो' आता मला त्याच्याकडूनही मिळत होतं.

हिवाळ्यात जुन्या फायली काढायला मी तळघरातल्या दप्तरखोलीत गेले. गेले होते दुसऱ्याच कामाला, पण पाय त्याच्या वर्षाच्या कपाटाकडे वळले. दोन तास धूळ खाल्ली तेव्हा सापडला त्याचा अर्ज. कोपऱ्यात फोटो, दाट केसांचा, घाबरलेला मुलगा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. गणितात ब्याण्णव गुण. खाली खिडकीवरच्या कोणा माणसाचा शेरा, 'सूचना दिल्या. समजल्याचे सांगितले.' अक्षर वेगळं, बाकी मीच. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. कोणी बघत नव्हतं म्हणून रडले, हेही लिहून ठेवते. चार माणसांत रडायची हिंमत तेव्हाही नव्हती.

वर आल्यावर मी भिंतीवरचा तो लॅमिनेट केलेला कागद काढला. नवीन सहामाहीपासून वाटाड्याला ऑफिसच्या वेळात मुलांना घेऊन फिरायची लेखी परवानगी दिली. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला, म्हणाला, "बरं, मॅडम." तुम्हाला वाटेल, ही सुधारली. मला तेव्हा तसंच वाटलं होतं. पण त्या मुलीचा विषय मी काढला नाही. खणातला 'महोदय' लिहिलेला कागद तसाच होता. वाटाड्या दरमहा एका रविवारी बसने डोंगरात जातो आणि तिला पुस्तकं, कोणा मुलीच्या वह्यांच्या झेरॉक्स नेऊन देतो, हे मला दुसऱ्या शिपायाकडून कळलं. त्याला विचारायचं धाडस झालं नाही.

वर्ष गेलं. प्रवेश पुन्हा सुरू झाले. वाटाड्याच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. मी खिडकीवर होते. रांग पुढे सरकत होती, आणि मान वर केली तर समोर ती. वेण्या तशाच, अंगाने जरा भरलेली, हाताला घट्टे पडलेले. बॅग खांद्यावर. तिच्यामागे तीन पावलांवर वाटाड्या, हात पाठीवर बांधून.

तिने फाईल पुढे केली. सगळे कागद क्रमाने लावलेले, प्रत्येकाची सत्यप्रत, फोटोच्या मागे नाव लिहिलेलं. इतकी नीट फाईल प्राध्यापकांच्या मुलांचीही नसते. गुण चांगले होते, प्रवेश तर मिळणारच होता. मी चाळत चाळत शेवटच्या पानाशी आले. ते पान पूर्वी प्रवेश रद्द केलेल्यांसाठी असतं. त्यात एकच रकाना, 'मागील प्रवेश रद्द होण्याचे कारण'. ज्याने आपल्या मर्जीने रद्द केला, त्याला वसतिगृह मिळत नाही, असा नियम आहे. शहरात खोली घेऊन राहणं तिला शक्य नव्हतं. म्हणजे वसतिगृह नाही तर शिक्षण नाही. तिने सगळं भरलं होतं, तो एक रकाना सोडून.

"हे राहिलंय," मी म्हणाले.

"हे मला भरता येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे. तुम्ही भरा."

तिने पेनसुद्धा आणलं होतं. ते काचेखालून सरकवलं.

मागे रांग होती. मी पेन घेतलं. सव्वीस वर्षांचा हात, तो आपोआप चालला. मी लिहिलं, 'कार्यालयीन चुकीमुळे.' आणि पान तिच्याकडे वळवलं. मनात आलं, झालं बाई, सुटले. वर्षभराचा दगड उतरला.

तिने वाचलं.

"कोणाची?" तिने विचारलं.

"काय कोणाची?"

"चूक. कोणाची ते लिहिलं नाही."

मी तिच्या खांद्यावरून वाटाड्याकडे बघितलं. तो सूचनाफलकाकडे बघत उभा होता. तो मदत करणार नव्हता. ती चुकली असती तर तो तिच्या मागोमाग चुकला असता, पण तोंड उघडलं नसतं. आणि ती चुकत नव्हती.

मी पान परत घेतलं. त्याखाली लिहिलं, 'खिडकी क्रमांक चारवर मी होते. विद्यार्थिनीला रजा हवी होती. मी तिला काहीही न विचारता प्रवेश रद्दचा अर्ज दिला. चूक माझी आहे. ती कळल्यावरही मी साहेबांना सांगितली नाही.' खाली सही, माझं पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. चारच ओळी झाल्या. तो म्हणाला होता, चार ओळी पुरतील.

मी पान तिच्यापुढे ठेवलं आणि वाट बघत राहिले. तिने म्हणावं, असू दे मॅडम. नुसती मान हलवावी. जोडीला थोडं हसावं. तेवढ्यासाठी मी त्या क्षणी बढती परत दिली असती. तिने ओळींखालून बोट फिरवत सगळं वाचलं, एकदा, मग पुन्हा एकदा. मागचा मुलगा चुळबुळ करायला लागला, तरी तिने घाई केली नाही. 'समजलं का' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. मी ते गिळले.

तिने पान काचेखालून माझ्याकडे परत सरकवलं.

"शिक्का राहिला," ती म्हणाली.